दोन विमा क्रमांक, एक कामगार: अपंगत्व लाभ आणि बेरोजगारी भत्त्याचे एक प्रकरण

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका लहान कारखान्यात ७ फेब्रुवारी २०२३ रोजी रात्री साडेनऊच्या सुमारास पॉवर प्रेसच्या डायखाली एका एकतीस वर्षांच्या कामगाराचा उजवा हात सापडला. तर्जनी आणि मधले बोट मुळापासून गेले. चार महिन्यांनी तो त्याच कारखान्यात हलक्या कामावर परतला आणि ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी, ज्याच्यामार्फत तो कामावर होता त्या ठेकेदाराने त्याला ‘ब्रेक’ दिला, म्हणजे कामावरून कमी केले. अपघात आणि बेकारी ही दोन्ही संकटे एकाच वर्षात एकाच माणसावर आली आणि दोन्हींसाठी त्याला एकाच महामंडळाच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या, एकाच शाखा कार्यालयात जावे लागले. तरीही पहिल्या वेळी त्याला जे नियम लागू झाले, त्यांच्या जवळजवळ उलट नियम दुसऱ्या वेळी लागू झाले. हा फरक आधी ठाऊक नसल्याने त्याचे किती नुकसान झाले आणि किती थोडक्यात टळले, हे नीट मांडावे म्हणून हे प्रकरण लिहिले आहे. त्याची आणि कारखान्याची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत आणि हिशेब समजायला सोपा जावा म्हणून वेतनाची रक्कम पूर्णांकात घेतली आहे. त्याच्या कागदपत्रांच्या कामात मी सुरुवातीपासून सोबत होतो.

या कामगाराचे वेतन महिन्याला १५,६०० रुपये होते, म्हणजे २६ हजेऱ्या धरल्या तर रोज ६०० रुपये. कर्मचारी राज्य विमा योजनेची, म्हणजे सर्वजण ज्याला ईएसआय म्हणतात तिची, वेतनमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून महिना २१,००० रुपये आहे, त्यामुळे तो या योजनेत येत होता. १ जुलै २०१९ पासूनच्या दराने कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. त्याच्या बाबतीत हे अनुक्रमे ११७ आणि ५०७ रुपये होत होते. पगारपत्रकावरच्या त्या ११७ रुपयांकडे तो इतकी वर्षे ‘दवाखान्याचा हप्ता’ म्हणून पाहत होता. ईएसआय म्हणजे दवाखाना आणि औषधाची रांग, एवढेच त्याला ठाऊक होते. हाच समज मी शंभरांत नव्वद कामगारांकडे पाहिला आहे, आणि पुढच्या बऱ्याच अडचणी या समजातूनच उभ्या राहिल्या.

अपघात की आजार

अपघातानंतर सुपरवायझरने त्याला जवळच्या खासगी रुग्णालयात नेले. तिथल्या केसपेपरवर ‘घरी दरवाजात हात अडकून इजा’ असे नोंदवले गेले. ही नोंद जखमीने सांगितली नव्हती, सोबत आलेल्या माणसाने सांगितली होती. तीन दिवसांनी तो विमा रुग्णालयात दाखल झाला, तेव्हा तोच केसपेपर पुढे आला आणि पहिले वैद्यकीय प्रमाणपत्र साध्या आजारपणाचे निघाले. पहिल्या बिलाचे पैसे ठेकेदाराने भरले होते, त्यामुळे घरच्यांना तो देवमाणूस वाटत होता. ‘कंपनीचं नाव घेऊ नका, नाहीतर सगळ्यांचंच काम बंद होईल,’ असे त्याने कामगाराच्या मोठ्या भावाला सांगितले आणि भावाने ते मानलेही.

केसपेपरवरच्या त्या एका ओळीचे मोल रुपयांत मोजता येते. आजारपणाचा लाभ सरासरी रोजीच्या ७० टक्के असतो, पहिले दोन दिवस प्रतीक्षेचे म्हणून सोडले जातात आणि लागोपाठच्या दोन लाभकाळांत (लाभ मोजण्याच्या सहा-सहा महिन्यांच्या मुदतींत) मिळून जास्तीत जास्त ९१ दिवस तो मिळतो. त्यासाठी संबंधित सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. कामावरच्या इजेचा, म्हणजे तात्पुरत्या अपंगत्वाचा, लाभ ९० टक्के असतो. त्याला दिवसांची कमाल मर्यादा नाही. अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस माणूस कामास असमर्थ असला की तो देय होतो, आणि मुख्य म्हणजे त्याला वर्गणीची कोणतीही अट नाही. कामावर रुजू झालेल्या पहिल्याच दिवशी अपघात झाला, तरी हक्क तितकाच राहतो. आपल्या कामगाराची विश्रांती ८ फेब्रुवारी ते ३१ मे अशी ११३ दिवसांची होती. रोज ५४० रुपयांप्रमाणे तात्पुरत्या अपंगत्वाचे ६१,०२० रुपये होतात, तर आजारपण धरले असते तर रोज ४२० रुपयांप्रमाणे ९१ दिवसांचे ३८,२२० रुपयेच मिळाले असते. २२,८०० रुपयांचा हा फरकही दुय्यम म्हणावा लागेल, कारण इजा कामावरची ठरली नाही तर कायमच्या अपंगत्वाच्या लाभाचे, म्हणजे आयुष्यभराच्या मासिक रकमेचे, दारच बंद होते.

सहाव्या दिवशी एक सहकारी भेटायला आला आणि त्याने ही गोष्ट बाहेर काढली. दुसऱ्याच दिवशी आम्ही शाखा कार्यालयात कामगाराच्या सहीचा (डाव्या हाताचा अंगठा लावून) अर्ज दिला. अपघाताची नोंद कारखान्याच्या अपघात नोंदवहीत करणे आणि अहवाल शाखा कार्यालयाला पाठवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. पण मालकाने अहवाल पाठवला नाही म्हणून कामगाराचा हक्क संपत नाही, त्याच्या अर्जावरूनही चौकशी होऊ शकते. अर्जासोबत त्या रात्रीच्या पाळीचे हजेरीचे छायाचित्र, दोन सहकाऱ्यांची लेखी निवेदने आणि रात्री नऊ वाजून एकोणचाळीस मिनिटांनी एका सहकाऱ्याने सुपरवायझरला पाठवलेला मोबाइलवरचा संदेश जोडला. हा संदेश सर्वांत उपयोगी पडला, कारण त्यात वेळ होती आणि ‘प्रेसवर’ हा शब्द होता.

चौकशीत ठेकेदाराने भूमिका बदलली. अपघात कारखान्यात झाला हे त्याने मान्य केले, पण कामगाराने चिमटा न वापरता हात घातला, म्हणजे चूक त्याचीच, असे म्हणणे मांडले. इथे कायदा कामगाराच्या बाजूने स्पष्ट आहे आणि हे प्रत्येक प्रेस कामगाराला ठाऊक असायला हवे. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा अधिनियमातील कलम ५१अ नुसार, काम चालू असताना झालेला अपघात उलट पुरावा नसल्यास कामामुळेच झाला असे गृहीत धरले जाते. कलम ५१ब नुसार, मालकाचे काम करताना सूचनांचे उल्लंघन झाले असले तरीही, अन्य अटी पूर्ण होत असतील, तर इजा कामावरचीच ठरते. दोष कोणाचा हा प्रश्न या लाभाच्या आड येत नाही. प्रेसला संरक्षक आवरण होते की नव्हते हा कारखाने अधिनियमाचा वेगळा विषय होता, आणि मला वाटते की अपघात दडवण्यामागे खरी भीती त्याच विषयाची होती.

मार्चच्या अखेरीस इजा कामावरची म्हणून स्वीकारली गेली आणि आजारपणाच्या दराने दिलेली रक्कम वळती करून फरक त्याच्या बँक खात्यात जमा झाला. विश्रांतीच्या या काळात ठेकेदार त्याला कामावरून काढू शकत नव्हता, कारण कलम ७३ तसे करण्यास मनाई करते. कायद्याचा हा आधार त्याला विश्रांतीपुरताच होता, आणि पुढे घडलेल्या गोष्टी पाहता हे लक्षात ठेवावे लागते.

वीस टक्के

कामावर परतल्यावर ऑगस्टमध्ये त्याला वैद्यकीय मंडळापुढे बोलावले गेले. अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत कोणत्या इजेने कमाईची क्षमता किती टक्के घटते याची यादी आहे. एका हाताची दोन बोटे गेल्यास २० टक्के, तीन गेल्यास ३०, चारही गेल्यास ५० आणि अंगठा गेल्यास ३०. उजवा हात की डावा, असा भेद यादीत नाही. उजव्या हाताने पाना धरणाऱ्या माणसाला हे पटणे कठीण जाते, आणि त्यालाही ते पटले नाही. मंडळाने २० टक्के अपंगत्व ठरवले. मंडळाचा निर्णय मान्य नसेल तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे किंवा थेट कर्मचारी विमा न्यायालयात जाता येते. परंतु इजा यादीत नेमकी बसत होती आणि उरलेल्या बोटांची हालचाल चांगली होती, म्हणून अपील न करण्याचा सल्ला मी दिला.

कायमच्या अपंगत्वाचा लाभ असा मोजला जातो की पूर्ण दराच्या, म्हणजे ५४० रुपयांच्या, २० टक्के, म्हणजे रोज १०८ रुपये. तीस दिवसांच्या महिन्याला ३,२४० आणि वर्षाला ३९,४२० रुपये. तात्पुरता लाभ थांबला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून, १ जूनपासून, हा लाभ सुरू झाला आणि तो हयातभर मिळतो. ठरलेल्या मुदतीत हयातीचा दाखला मात्र द्यावा लागतो. नोकरी चालू असली, पगार पूर्ण असला, तरी तो बंद होत नाही. ‘पगार चालू असताना हे पैसे घेतले तर गुन्हा होईल का?’ असे त्याच्या पत्नीने मला दोनदा विचारले. होत नाही. हे पैसे गेलेल्या बोटांच्या भरपाईचे आहेत, मदतीचे नाहीत. विमाधारक असल्यामुळे कलम ५३ नुसार त्याला मालकाकडून वेगळी नुकसानभरपाई मागता येत नाही, त्यामुळे हीच त्याची भरपाई आहे.

‘ब्रेक’ आणि दुसरा हिशेब

३१ ऑक्टोबरला ठेकेदाराने सांगितले की कंपनीची ऑर्डर कमी झाली आहे, उद्यापासून येऊ नका. कोऱ्या कागदावर राजीनामा लिहून मागितला गेला, पण तो त्याने दिला नाही. भावाने या वेळी त्याला तसे बजावले होते.

बेरोजगारीसाठी ईएसआयकडे दोन वेगळ्या तरतुदी आहेत आणि त्या दोन्ही १९४८ च्या मूळ रचनेत नव्हत्या. कामगार आजारी पडेल, जखमी होईल, कामगार स्त्री बाळंत होईल, हे मूळ कायद्याने पाहिले. तो धडधाकट असूनही त्याला काम नसेल, ही स्थिती योजनेत यायला ५७ वर्षे लागली. १ एप्रिल २००५ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आली. कारखाना बंद पडल्याने किंवा कामगारकपातीने नोकरी गेली, अथवा कामाशी संबंध नसलेल्या इजेने किमान ४० टक्के कायमचे अपंगत्व आले, तर तिच्यात पहिले बारा महिने सरासरी रोजीच्या ५० टक्के आणि पुढचे बारा महिने २५ टक्के भत्ता मिळतो. १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू झाली. तिचा भत्ता सुरुवातीला २५ टक्के होता, कोरोनाच्या काळात २०२० मध्ये तो ५० टक्के करण्यात आला आणि आपल्या प्रकरणाच्या वेळी तोच दर लागू होता. हा भत्ता जास्तीत जास्त ९० दिवस आणि आयुष्यात एकदाच मिळतो. बेकारीचे ३० दिवस उलटल्यावर दावा करता येतो आणि तो मालकाच्या हातून न जाता थेट शाखा कार्यालयाकडे देता येतो. ही सुधारणा फार मोलाची आहे, कारण ज्याने काढून टाकले त्याच्याच दारात सहीसाठी उभे राहण्याची वेळ त्यामुळे येत नाही.

सरासरी रोजी ६०० धरली, तर पहिल्या योजनेत दोन वर्षांत मिळून १,६४,२५० रुपये होतात. दुसऱ्या योजनेत किती मिळाले ते पुढे येईलच. कोणती योजना लागू होणार हे मुख्यतः एका नोंदीवर ठरते. ठेकेदार दर महिन्याला वर्गणीचा तपशील ऑनलाइन भरतो, त्यात कामगाराचे दिवस शून्य असतील तर कारण निवडावे लागते. ‘नोकरी सोडली’ आणि ‘कामगारकपात’ ही दोन वेगळी कारणे तिथे आहेत. ठेकेदाराने ‘नोकरी सोडली’ हे निवडले. तेव्हा लागू असलेल्या औद्योगिक विवाद अधिनियमानुसार कपात म्हटले की सूचना द्यावी लागत असे आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई द्यावी लागत असे, म्हणून हा शब्द कोणी ठेकेदार स्वतःहून लिहीत नसे. हा वाद कामगार आयुक्तालयात नेता आला असता. पण घरात धान्य संपत आलेले असताना वर्ष-दोन वर्षांच्या वादात उतरण्यास त्याची तयारी नव्हती, आणि त्या निर्णयाबद्दल त्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही.

आम्ही अटल योजनेचा दावा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भरला आणि तो अडकला. या योजनेत बेकारीच्या आधी किमान दोन वर्षे विमायोग्य नोकरी असावी लागते. बेकारीच्या लगतच्या वर्गणीकाळात (एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च या सहामाहीत) किमान ७८ दिवसांची वर्गणी आणि त्याआधीच्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन वर्गणीकाळांपैकी एकात आणखी किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. नोंदीनुसार त्याची नोकरी फक्त तेरा महिन्यांची दिसत होती. प्रत्यक्षात तो त्याच कारखान्यात, त्याच प्रेसवर जानेवारी २०२० पासून होता. १ ऑक्टोबर २०२२ ला कारखान्याने ठेकेदार बदलला आणि नव्या ठेकेदाराने जुना विमा क्रमांक न विचारता नवा काढला. नावाच्या इंग्रजी अक्षरांत एका अक्षराचा फरक होता आणि जन्मतारखेत वर्ष चुकले होते, त्यामुळे प्रणालीलाही ती दोन वेगळी माणसे वाटली.

अपघाताच्या वेळी या दुहेरी क्रमांकाने काहीच अडले नव्हते. अपंगत्वाच्या लाभाला फक्त एकच विचारायचे असते: त्या रात्री हा माणूस विमाधारक कामगार होता का? तेरा महिने असोत की तेरा दिवस, उत्तर सारखेच येते. बेरोजगारी भत्ता मात्र मागची दोन वर्षे उलगडून पाहतो. म्हणूनच पहिल्या दाव्यात साक्षीदार आणि मोबाइलवरचा संदेश कामी आला, तर दुसऱ्या दाव्यात त्यांना काडीची किंमत नव्हती. तिथे जुन्या पगारपत्रकांची गरज पडली, आणि ती त्याच्या गावाकडच्या पेटीत होती.

सुटका भविष्यनिर्वाह निधीच्या पासबुकाने केली. निधीचा सार्वत्रिक खाते क्रमांक दोन्ही ठेकेदारांकडे एकच राहिला होता, त्यामुळे एकाच पासबुकात आधीच्या आणि नंतरच्या दोन्ही आस्थापना ओळीने दिसत होत्या. ते पासबुक, आधार कार्ड आणि जुन्या ठेकेदाराची चार पगारपत्रके जोडून दोन्ही विमा क्रमांक एकत्र करण्याचा अर्ज दिला. शाखेतल्या एका कर्मचाऱ्याने तो मनापासून पुढे नेला, तरी जानेवारीचा शेवटचा आठवडा उजाडला.

क्रमांक जुळल्यावर ७८ दिवसांची अट तपासली गेली. लगतचा वर्गणीकाळ एप्रिल ते सप्टेंबर २०२३ होता. त्यातले एप्रिल आणि मे विश्रांतीत गेले, जून ते सप्टेंबरचे १०४ दिवस भरले. मे महिन्यात डॉक्टरांनी त्याला आणखी एक महिना विश्रांती घेण्याविषयी विचारले होते. घरभाडे थकल्यामुळे त्याने फिटनेस, म्हणजे कामावर जाण्यास योग्य असल्याचा दाखला, मागून घेतला. ती विश्रांती घेतली असती तर जुलै ते सप्टेंबरचे नेमके ७८ दिवस उरले असते आणि एका गैरहजेरीने भत्ता गेला असता. हात बरा होऊ देणे आणि भत्त्याची पात्रता टिकवणे यांत निवड करावी लागेल, हे त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि अशी निवड कोणावर येताही कामा नये. तेव्हाच्या औद्योगिक विवाद अधिनियमाचे कलम २५ब पाहिले तर तिथे २४० दिवसांच्या सलग सेवेची मोजदाद करताना कामावरच्या अपघाताने आलेल्या तात्पुरत्या अपंगत्वाचे दिवस काम केलेले दिवस म्हणूनच धरले जात. त्याच कामगाराचे तेच दिवस भत्त्याच्या हिशेबात मात्र रिकामे ठरतात. ही तफावत दूर करायला मोठा खर्च लागत नाही, नियमात एक स्पष्टीकरण जोडावे लागते, आणि ते जोडले जावे असे माझे ठाम मत आहे.

भत्त्याच्या रकमेतही तेच झाले. मागच्या चार वर्गणीकाळांतली एकूण कमाई घेऊन तिला ७३० ने भागले जाते. ऑक्टोबर २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात त्याची वेतनाची कमाई ३,१५,६०० रुपये होती, कारण विश्रांतीतले ६१,०२० रुपये हा लाभ आहे, वेतन नाही. सरासरी आली ४३२ रुपये ३३ पैसे, तिच्या निम्मे २१६ रुपये १६ पैसे, आणि ९० दिवसांचे सुमारे १९,४५५ रुपये. अपघात झालाच नसता तर हाच आकडा सुमारे २३,०७९ रुपये झाला असता. बोटे गेल्यामुळे बेकारीचा भत्ताही साडेतीन हजारांनी घटला.

हा भत्ता चालू असताना त्याच काळासाठी ईएसआयचा दुसरा रोख लाभ घेता येत नाही, अशी अट आहे. त्यामुळे बोटांचे मासिक पैसे थांबतील का, अशी धास्ती घरात होती. परंतु कायमच्या अपंगत्वाच्या नियतकालिक रकमेला योजनेतच या अटीतून वगळलेले आहे, आणि ती रक्कम तिन्ही महिने येत राहिली. नोव्हेंबर ते जानेवारी या तीन महिन्यांत घरात दुसरे उत्पन्न होते ते पत्नीच्या पोळी-भाजीच्या डब्यांचे. भत्ता आला तो फेब्रुवारीत, नव्वद दिवस संपून गेल्यावर, एकरकमी.

या प्रकरणातले सर्व दावे १९४८ च्या अधिनियमाखाली झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली आहे आणि ईएसआयच्या तरतुदी तिच्यात सामावल्या आहेत, त्यामुळे आता दावा करणाऱ्याने कलमांचे क्रमांक संहितेनुसार पाहावेत आणि बेरोजगारी भत्त्याचा त्या वेळचा दर शाखा कार्यालयात विचारून घ्यावा. लाभ देय झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत दावा दाखल करून ठेवणे केव्हाही सुरक्षित.

१ फेब्रुवारी २०२४ पासून तो मोशीतल्या एका पॅकिंगच्या कारखान्यात लागला. पगार १३,००० रुपये, काम उभ्याचे, पण प्रेस नाही. रुजू होताना तिथल्या ठेकेदाराने फॉर्म पुढे केला, तेव्हा त्याने खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला कागद काढला आणि त्यावरचा जुना विमा क्रमांक स्वतः, डाव्या हाताने, फॉर्मवर उतरवला.